पाडसाचे वजन : गुण रक्ताचा की आईच्या पोषणाचा?

कळपातील एखादे करडू तीन महिन्यांतच इतरांपेक्षा अंगाने भरलेले दिसू लागले, की ते पैदाशीचा बोकड म्हणून राखून ठेवण्याकडे बहुतेक शेळीपालकांचा कल असतो. ही निवड कधी फळाला येते, तर कधी त्या बोकडाची करडे अगदीच सामान्य निघतात. असे का घडते, हे स्कॉटलंडमधील एका बेटावरील रानटी हरणांच्या अभ्यासातून चांगले समजते.

रम बेटावरील नोंदी

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ रम नावाचे सुमारे १० हजार हेक्टरचे डोंगराळ बेट आहे. १९५७ साली ते राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झाले. तेथे तांबड्या हरणांचे कळप आहेत. काश्मीरमधील हंगुल हा या हरणाचा जवळचा नातलग होय. बेटाच्या उत्तर भागातील हरणांची शिकार १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत थांबविण्यात आली आणि तेथील प्रत्येक हरणाची जन्मापासून मृत्यूपर्यंत नोंद ठेवण्यास सुरुवात झाली. टिम क्लटन-ब्रॉक व फिओना गिनेस यांनी हे काम उभे केले. पुढे एडिंबरा विद्यापीठाच्या जोसेफिन पेंबर्टन आदी शास्त्रज्ञांनी ते चालविले.

या हरणांचा माजाचा हंगाम सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर असतो. माद्या मेअखेर ते जूनमध्ये वितात व बहुधा एकच पाडस देतात. पाडस जन्मल्यावर लवकरात लवकर पकडून त्याचे वजन केले जाते, कानात बिल्ला लावला जातो आणि डीएनए तपासणीसाठी नमुना घेतला जातो. आई डोळ्यांनी कळते, बाप मात्र डीएनए तपासणीनेच खात्रीने कळतो.

आई काय काय देते?

या हरणांत नर पाडसाच्या संगोपनात भाग घेत नाही. त्याच्याकडून पाडसाला फक्त जनुके मिळतात. मादीकडून जनुकांचा निम्मा वाटा तर मिळतोच, शिवाय गर्भातील पोषण, दूध आणि चरण्याची जागाही मिळते. आईच्या या जादा वाट्याला ‘मातृप्रभाव’ म्हणतात. रम बेटावर तो पुढीलप्रमाणे दिसून आला :

१) अगदी तरुण व फार वयस्क माद्यांची पाडसे वजनाने हलकी असतात.

२) आदल्या वर्षी पाडसाला पाजलेली मादी, भाकड राहिलेल्या मादीच्या तुलनेत, उशिरा विते व तिच्या पाडसांत मरतूक जास्त असते.

३) एप्रिल-मे उबदार गेल्यास गवत लवकर फुटते, गाभण माद्यांना चारा मिळतो व पाडसे वजनदार निपजतात.

हलक्या पाडसांत मरतूक अधिक असते. जन्मतः वजनदार असलेले नर मोठेपणी जास्त पाडसांचे बाप होतात. म्हणजे आईच्या पोटातील पोषणाचा परिणाम पुढे आयुष्यभर टिकू शकतो.

रक्त व पोषण वेगळे कसे ओळखावे?

यासाठी सावत्र भावंडांची तुलना उपयोगी पडते. वजन केवळ रक्तावर अवलंबून असते, तर एकाच बापाची पण वेगवेगळ्या आयांची पाडसे आपसांत जेवढी सारखी, तेवढीच एकाच आईची पण वेगवेगळ्या बापांची पाडसेही सारखी असती. प्रत्यक्षात आईकडून भावंडे असलेली पाडसे जन्मवजनात बरीच अधिक सारखी आढळली. जन्मवजनात पाडसाच्या स्वतःच्या जनुकांचा वाटा लहान व आईचा वाटा मोठा आहे, असा त्याचा अर्थ होतो. आईचा वाटा हिशेबातून वगळला, तर आनुवंशिकता आहे त्यापेक्षा फार मोठी भासते.

विशेष म्हणजे ही गणिताची पद्धत मुळात दुभत्या गाईंसाठी तयार झाली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे सी. आर. हेंडरसन यांनी पैदाशीचे वळू निवडण्यासाठी ती विकसित केली. गोठ्यातील पद्धत रानात गेली आणि आता रानातील धडा गोठ्याच्या उपयोगी पडत आहे.

मातृप्रभावाचा जुना दाखला घोड्यांचा आहे. १९३८ साली वॉल्टन व हॅमंड या शास्त्रज्ञांनी शायर जातीचे अवाढव्य घोडे व शेटलंड जातीची लहान तट्टे यांचा उलटसुलट संकर केला. दोन्हीकडील शिंगरांत रक्त निम्मे-निम्मे होते. तरीही शायर घोडीच्या पोटचे शिंगरू जन्मतः शेटलंड घोडीच्या शिंगरापेक्षा सुमारे तिप्पट वजनाचे होते.

रम बेटावरील आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. वजनदार पाडसे अधिक जगतात. पण त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जन्मवजन वाढत गेले, असे झाले नाही. चांगल्या चाऱ्यावर पोसलेले शरीर पुढच्या पिढीला वारशाने मिळत नाही. मात्र चांगली आई होण्याचा गुण काही अंशी आनुवंशिक असतो. तो लेकींमध्ये उतरतो.

शेळीपालकांनी काय करावे?

१) प्रत्येक करडाचे जन्मवजन, जन्मतारीख, एकटे की जुळे, आईचे वेत व बाप यांची नोंद वहीत ठेवावी.

२) तुलना सारख्याला सारखी करावी. उस्मानाबादी शेळीत जुळी करडे नेहमी होतात. पहिल्या वेताच्या शेळीचे जुळ्यातील करडू आणि तिसऱ्या वेताच्या शेळीचे एकटे करडू यांची वजने सरळ ताडून पाहू नयेत. जुळ्यातील थोडे हलके करडू रक्ताने अधिक चांगले असू शकते.

३) बोकडाची अंतिम निवड तीन महिन्यांच्या वजनावर करू नये. दूध तुटल्यानंतर सहाव्या व नवव्या महिन्यांतही वजन घ्यावे. करडू स्वतःच्या खाण्यावर वाढू लागले की आईचा प्रभाव कमी होत जातो व त्याचा स्वतःचा गुण दिसू लागतो.

४) चालू बोकडाची पारख त्याच्या एक-दोन करडांवरून न करता, निरनिराळ्या शेळ्यांपासून झालेल्या त्याच्या सर्व करडांवरून करावी.

५) शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या ४५ ते ५० दिवसांत होते. या काळात हिरव्या चाऱ्याबरोबर पूरक खुराक द्यावा. करडू जन्मल्यावर पहिल्या तासाभरातच त्याला चीक पाजावा.

६) जुळी करडे नीट वाढविणाऱ्या शेळीच्या पाठी कळपात राखाव्यात.

बोकड निवडताना आईच्या दुधाचा हिशेब वजा करून पाहावा. करडे वाढविताना मात्र आईच्या खुराकात काटकसर करू नये. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर पैदाशीचा बोकड निवडताना होणारी फसगत बऱ्याच अंशी टळेल.