चिलेटयुक्त लोहाचे द्रावण उन्हात ठेवू नये

चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही ते पिकास मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यासच शेतकरी केवडा म्हणतात. त्यावर उपाय म्हणून ईडीटीए या रासायनिक द्रव्याशी जोडलेले लोह फवारतात.

ईडीटीए लोहास खेकड्याच्या नांगीप्रमाणे पकडून ठेवते. म्हणून लोह पाण्यात विरघळलेले राहते. परंतु हे संयुग सूर्यप्रकाशातील अतिनील व निळे किरण शोषून घेते. त्यायोगे ईडीटीएचे विघटन होते आणि कार्बन डायऑक्साइड व फॉर्माल्डिहाइड तयार होतात. मोकळे झालेले लोह प्राणवायूशी संयोग पावून तांबूस गाळाच्या रूपाने तळाशी बसते. ते पिकाच्या फारसे उपयोगी पडत नाही व खर्च वाया जातो. जस्ताशी जोडलेले ईडीटीए मात्र उन्हाने असे सहज फुटत नाही.

हाच गुण नद्यांस उपकारक आहे. कारखान्यांच्या सांडपाण्यातील ईडीटीए जंतूंकडून फार सावकाश नष्ट होते. लोहाशी जोडलेला भाग मात्र उन्हाने लवकर फुटतो.

ग्रामसेवकांनी हे प्रात्यक्षिकाने दाखवावे. एकच द्रावण काचेच्या दोन बाटल्यांत भरावे, एकीस काळे कापड गुंडाळावे व दोन्ही काही दिवस उन्हात ठेवून गाळाची तुलना करावी.

शेतकऱ्यांनी लागेल तेवढेच द्रावण सावलीत तयार करावे, अपारदर्शक भांड्यात झाकून ठेवावे आणि फवारणी सायंकाळी करावी.