वचन हातात, पण कान कुठे?

आजचे वाचन: नहेम्या ८:१-९



सुट्टीत मी मंडणगडला आजीकडे गेलो होतो. रविवारी घरीच उपासना होती. आजीला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. नेहमीप्रमाणे मोबाईलवर बायबल ॲप उघडलं. तिसऱ्या वचनापर्यंत आलो आणि ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला. तातडीचं काहीच नव्हतं. तरी मी थांबलो, मेसेज उघडला, उत्तरही टाकलं. आजी हात जोडून तशीच बसलेली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "बाळा, झालं का रे वचन?"

काय बोलावं सुचेना. तिला वाटलं, वचन संपलं. खरं तर मीच जागेवरून न हलता उठून गेलो होतो.

आजच्या अध्यायात एज्रा शास्त्री यरुशलेमेत पाणीवेशीसमोर नियमशास्त्र वाचतो, पहाटेपासून दुपारपर्यंत! लेवी अर्थ समजावून सांगतात. पुरुष, स्त्रिया, समज आलेली मुलं, सगळे कान लावून ऐकतात. आणि ऐकता ऐकता रडतात. लक्ष पूर्ण होतं, म्हणून वचन थेट काळजापर्यंत गेलं.

आमच्या तालुक्यातल्या बाणकोटला १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी काम सुरू केलं. तेव्हा घरोघरी शास्त्र नव्हतं. सुवार्ता पोहोचायची ती मुख्यतः कानांनी. आज अख्खं पवित्र शास्त्र खिशात मावतं. ही कृपाच आहे. अक्षर मोठं करता येतं, रेंज नसली तरी डाउनलोड केलेलं वाचता येतं. म्हणून चर्चमध्ये मोबाईल आणणं पाप आहे, असं मी म्हणणार नाही. पण ज्या स्क्रीनवर वचन येतं, त्याच स्क्रीनवर क्रिकेटचा स्कोअरही येतो ना?

हा मोह फक्त आपल्या पिढीचा नाही. ८ नोव्हेंबर २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी खंत व्यक्त केली होती, की मिस्सा चालू असताना भाविकांबरोबर याजक आणि बिशपसुद्धा फोटोसाठी फोन उंचावतात.

मग या रविवारी एवढं करू या:
- बायबल आधीच डाउनलोड करा आणि दारातच फोन फ्लाइट मोडवर टाका.
- जमलं तर छापील बायबल न्या.
- घरी कोणी आजारी असेल, ड्युटीचा फोन येणार असेल, तर फोन सायलेंटवर ठेवून मागच्या बाकावर बसा. त्यात लाज नाही.
- संदेशाचा फोटो, स्टेटस आशीर्वादानंतर टाका.

त्या दिवशी मी आजीची माफी मागितली, फोन फ्लाइट मोडवर टाकला आणि पहिल्या वचनापासून पुन्हा वाचलं. शेवटी तीच "आमेन" म्हणाली.

प्रार्थना: हे प्रभू, तू बोलत असताना मी कितीदा मध्येच उठून गेलो, क्षमा कर. माझे कान तुझ्याकडे वळव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.