जुन्या पिकअप गाडीस चारचाकी ओढ : खर्च, खटपट आणि पर्याय

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, शहापूर, अंबरनाथ व कल्याण या तालुक्यांत पावसाळी भाजीपाल्याचे पीक मुख्यतः वरकस जमिनीवर घेतले जाते. भाताची खाचरे खाली, आणि काकडी, दोडकी, कारली, पडवळ यांचे मांडव वर उतारावर, अशी तेथील सर्वसाधारण मांडणी असते. माल मोठ्या रस्त्यापर्यंत पोहोचला की पुढे कल्याणच्या बाजारपेठेपर्यंत तो सुखरूप जातो; खरी अडचण असते ती मांडवापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या अर्ध्या-पाऊण मैलाच्या कच्च्या वाटेची. सायंकाळी तोडलेली काकडी पहाटेच्या लिलावास पोहोचली नाही, तर तिचा भाव दुपारपर्यंत निम्म्यावर येण्यास वेळ लागत नाही. साहजिकच, ज्या शेतकऱ्यांनी जुन्या पिकअप गाड्या घेतल्या आहेत त्यांच्याकडून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस एक प्रश्न वारंवार विचारला जातो. या गाडीची पुढची चाकेही इंजिनाने फिरतील अशी व्यवस्था थोड्या खर्चात करून घेता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर केवळ 'होय' किंवा 'नाही' असे देता येत नाही, म्हणून त्याचा येथे विस्ताराने विचार केला आहे.

बहुतेक पिकअप गाड्यांमध्ये इंजिन पुढे असते आणि त्याची शक्ती प्रोपेलर शाफ्टमार्फत केवळ मागील दोन चाकांस मिळते. गाडी भरलेली असता मागील चाकांवर वजन असते व ती जमीन धरतात. परंतु शेताकडे जाणारी गाडी रिकामी असते, आणि नेमकी तीच प्रथम रुतते. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. पुढील आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत. प्रत्येक गाडीचे व वाटेचे आकडे वेगळे निघतील.

रिकामी गाडी १,६०० किलो असून त्यांपैकी ९०० किलो पुढील व ७०० किलो मागील चाकांवर आहे असे समजू. आठास एक अशी चढण असल्यास गाडी वर ओढण्यास वजनाचा आठवा भाग, म्हणजे २०० किलोचा जोर लागतो. चिखलातून चाके लोटण्यास वजनाच्या एक-दशांश, म्हणजे १६० किलोचा जोर अधिक लागतो. एकूण गरज ३६० किलोची झाली. ओल्या चिखलात चाकास त्यावरील वजनाच्या तीन-दशांश इतकीच पकड मिळते असे मानल्यास, मागील दोन चाकांची ओढ २१० किलो होते आणि गाडी जागीच चाके फिरवीत राहते. चारही चाकांस शक्ती मिळाल्यास हीच ओढ ४८० किलो होते आणि गाडी चढून जाते. चारचाकी ओढीचे सारे मर्म एवढेच आहे. तिने इंजिनाची शक्ती वाढत नाही, तर गाडीचे संपूर्ण वजन ओढीच्या कामी येते.

आता तीच गाडी ५०० किलो माल मागे घेऊन निघाली असे समजू. वजन २,१०० किलो, मागील चाकांवर सुमारे १,२००. गरज सुमारे ४७२ किलोची, आणि मागील चाकांची ओढ ३६० किलो. गाडी याही वेळी चढत नाही. परंतु चाकांना साखळ्या बांधून किंवा चांगल्या खोल नक्षीचे टायर घालून पकड तीन-दशांशावरून चार-दशांशावर नेली, तर ओढ ४८० किलो होते आणि भरलेली गाडी कशीबशी का होईना, पण वर येते. हा हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्याचे महत्त्व पुढे येईल.

पुढील चाकांस शक्ती द्यावयाची तर काय काय लागते? गिअर बॉक्सच्या मागे शक्तीची वाटणी करणारी ट्रान्स्फर केस, पुढील बाजूस डिफरन्शियलसह फिरता अ‍ॅक्सल, त्या दोहोंस जोडणारा दुसरा प्रोपेलर शाफ्ट, चाक वळतानाही शक्ती पोहोचविणारे सांधे, आणि चालकाजवळील तरफा. हे सर्व भाग जुन्या जीप गाड्यांत तयार मिळतात. जीप हे वाहन आपल्याकडे सुपरिचित असण्याचे कारणही असे की विलीज जीपची जुळणी मुंबईत १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने सुरू केली. अमेरिकेत तर १९४५ साली युद्ध संपताच विलीज कंपनीने हे लष्करी वाहन नांगरणीस व यंत्रे चालविण्यास उपयुक्त म्हणून प्रथम शेतकऱ्यांपुढेच मांडले होते. जुन्या जीपचे सुटे भाग कुर्ल्याच्या बाजारात आजही शोधणाऱ्यास सापडतात. म्हणूनच 'एक मोडकी जीप घ्यावी आणि तिचे पोट काढून पिकअपला बसवावे' हा सल्ला कारागिरांकडून सहज दिला जातो. सल्ला वाटतो तितका सोपा नाही.

पहिली गोष्ट सांगाड्याची. गाडीच्या पुढील बाजूस सरळ दांड्याचा अ‍ॅक्सल असून तो पाट्यांवर टांगलेला असेल, तर त्याच्या जागी जीपचा फिरता अ‍ॅक्सल बसविणे शक्य कोटीतील असते. पुढची दोन चाके स्वतंत्रपणे खालीवर होणारी असतील, तर सांगाडाच कापून नव्याने बांधावा लागतो. अशा गाडीचा विचार तेथेच सोडून द्यावा.

दुसरी गोष्ट डिफरन्शियलच्या जागेची, आणि येथेच पुष्कळांचे पैसे वाया जातात. जुन्या विलीज धर्तीच्या जीपमध्ये ट्रान्स्फर केसमधून पुढे व मागे जाणारे दोन्ही शाफ्ट मध्यभागी नसून उजव्या अंगास निघतात. म्हणून तिची दोन्ही डिफरन्शियलेही उजवीकडे सरकलेली असतात. पिकअपचे मागील डिफरन्शियल जर मध्यभागी असेल, तर त्या जीपची ट्रान्स्फर केस तिला सरळ जुळत नाही. शाफ्ट तिरपा बसतो, त्याचे क्रॉस लवकर झिजतात आणि गाडी थरथरते. भाग विकत घेण्यापूर्वी गाडीखाली शिरून ही एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली तरी पुष्कळ नुकसान टळेल.

तिसरी गोष्ट दातांच्या प्रमाणाची. पुढील आणि मागील अ‍ॅक्सलमधील क्राउन व्हील व पिनिअन यांच्या दातांचे प्रमाण एकच असले पाहिजे. जुन्या जीपमध्ये ४३ व ८ दातांची जोडी सर्रास आढळते. म्हणजे शाफ्टच्या ५.३८ फेऱ्यांत चाकाचा एक फेरा. समजा पिकअपच्या मागील अ‍ॅक्सलमध्ये ४१ व १० दात आहेत, म्हणजे प्रमाण ४.१० आहे. ही दोन एकत्र जोडल्यास मागील चाकांचे १०० फेरे होत असता पुढील चाके ७६ फेरेच फिरू पाहतील. चिखलात चाके घसरून हा फरक काही काळ सोसला जाईल. कठीण जमिनीवर मात्र कोठला तरी दाता किंवा शाफ्ट तुटल्याविना राहणार नाही. टायरही चारही एकाच मापाचे हवेत, हे याच कारणास्तव.

हे प्रमाण घरच्या घरी मोजता येते. गाडी सपाट जागी उभी करून इतर चाकांस दगडांची अटक द्यावी, गिअर मोकळा ठेवावा व मागील एकच चाक जॅकने उचलावे. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवावे. तेवढ्यात शाफ्टचे जितके फेरे होतील ते त्या अ‍ॅक्सलचे प्रमाण होय. दोनच फेरे का, तर दुसरे चाक जमिनीवर स्थिर असता डिफरन्शियलच्या रचनेमुळे उचललेले चाक दुप्पट फिरते. सुट्या पडलेल्या अ‍ॅक्सलची झाकणे उघडून दात मोजणे हे त्याहूनही खात्रीचे.

याखेरीज ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगचे दांडे, चाकांच्या मधले अंतर, शाफ्टची लांबी, पाट्यांची जाडी या सर्वांत फेरबदल करावे लागतात. अंदाजपत्रक करताना कारागीर अ‍ॅक्सल आणि ट्रान्स्फर केसची किंमत सांगतो. बेअरिंगे, ऑइल सील, क्रॉस, खराद्याची मजुरी आणि गाडी कारखान्यात पडून राहिल्याने बुडणारे भाडे यांचा उल्लेख क्वचितच होतो. बदललेली गाडी जमिनीपासून उंच होते, तिचा तोल वरच्या अंगास जातो, आणि वाढलेल्या लोखंडाच्या वजनाइतका माल कमी भरावा लागतो. उतारावर आडवी चालविताना अशी गाडी उलटण्याचा धोका अधिक असतो. पाड्यांवरून मजूर मागच्या हौद्यात बसवून आणण्याची जी रीत पडली आहे, ती कोणत्याही गाडीत अनिष्टच. अशा गाडीत तर ती जिवावर बेतणारी ठरेल.

यंत्राची बाजू जुळली तरी कायद्याची बाजू शिल्लक राहते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-क अन्वये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. अपघात झाल्यास विमा कंपनी याच मुद्द्यावर हरकत घेऊ शकते, ही गोष्ट शेतकऱ्यास दंडापेक्षा अधिक महाग पडणारी आहे. तेव्हा ज्यांस हा मार्ग धरावयाचाच असेल त्यांनी एकही भाग विकत घेण्यापूर्वी ठाणे किंवा कल्याण येथील परिवहन कार्यालयात लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे. 'पुढे पाहून घेऊ' असे म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या शब्दावर विसंबू नये. लेखी परवानगी नसेल तर काम सुरूच करू नये, हे कार्यकर्त्याने स्पष्ट शब्दांत सांगावे.

मग थोडक्या खर्चात अडचण निवारावी कशी? ज्यास चारचाकी ओढ खरोखरच हवी, त्याने आपली पिकअप विकून कारखान्यातूनच चारचाकी ओढ घेऊन निघालेली जुनी गाडी घ्यावी, हे सर्व बाजूंनी विचार करता अधिक शहाणपणाचे दिसते. महिंद्रची बोलेरो कॅम्पर व स्कॉर्पिओ गेटअवे, टाटांची झेनॉन या गाड्यांचे असे प्रकार निघालेले आहेत. जुन्या जीपांत एमएम ५४० ही चारचाकी ओढीची होती. मात्र एकाच नावाची गाडी दोन्ही प्रकारांत असते, म्हणून नावावर न जाता खाली वाकून पुढचा शाफ्ट व डिफरन्शियल पाहावे आणि नोंदणी पुस्तकातील नमुन्याशी पडताळावे. योग्यता प्रमाणपत्राची मुदतही पाहावी. ओल्या जमिनीवर तरफ टाकून गाडी चढणीवर हळू चालवून पाहावी. तरफ आपोआप निसटत असेल तर ट्रान्स्फर केस झिजलेली आहे असे समजावे. डिफरन्शियलचे तेल थोडे काढून पाहावे. ते दुधासारखे पांढरट दिसल्यास आत पाणी शिरलेले असते, आणि अशा गाडीची किंमत पाडून मागण्यापेक्षा ती सोडून देणेच बरे.

अशी गाडी घेतल्यावर एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. वळणावर पुढील चाकांना मागील चाकांपेक्षा लांबचा मार्ग काटावा लागतो, आणि या गाड्यांत पुढील व मागील शाफ्ट एकमेकांस घट्ट बांधलेले असतात. म्हणून डांबरी रस्त्यावर येताच चारचाकी ओढीची तरफ काढून टाकावी. न काढल्यास टायर झिजतात व आतील भागांवर अतोनात ताण येतो.

ज्यांची वाट वर्षातून पाच-पंधरा दिवसच बिघडते, त्यांनी मात्र आहे तीच गाडी ठेवून वर केलेला हिशेब आठवावा. मागील चाकांस खोल नक्षीचे टायर घालावे व साखळ्यांची एक जोडी गाडीत ठेवावी. साखळ्या रुतल्यावर नव्हे, चिखलात शिरण्यापूर्वी बांधाव्या. टायरमधील हवा नेहमीच्या दोन-तृतीयांशापर्यंत उतरविल्यास टायर पसरून चाक कमी बुडते. परंतु ही युक्ती अगदी मंद गतीने, कच्च्या वाटेपुरतीच करावयाची असून रस्त्यावर चढण्यापूर्वी हवा पूर्ववत भरली पाहिजे. रिकामी गाडी खाली नेऊच नये. ती वर घट्ट जमिनीवर उभी करून माल पॉवर टिलरच्या ट्रॉलीने किंवा बैलगाडीने वर आणावा. भर पावसात चिखलाचे चढ चढण्यात बैल पिकअपहून सरस आहेत, हे यंत्रप्रेमी तरुणांस पटण्यास वेळ लागतो एवढेच. डिफरन्शियलच्या स्वभावामुळे एक चाक अधांतरी फिरू लागले की दुसऱ्यासही तेवढाच अल्प जोर मिळतो. म्हणून वाटेतील खड्डे एका अंगास न भरता दोन्ही चाकोऱ्या सारख्या भराव्या. चार-पाच मांडववाल्यांनी मिळून मे महिन्यातच चढाच्या दोन्ही चाकोऱ्यांत दगड व मुरूम ठोकून घेतला आणि पाण्यास वरच्या अंगाने चर काढून दिला, तर एका माणसाच्या अ‍ॅक्सलच्या पैशात साऱ्यांची वाट होते.

वाहत्या पाण्यापुढे यांपैकी कोणताही उपाय चालत नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवून धरली होती. ओहोळाचे पाणी फरशीवरून वाहत असेल तेव्हा चारही चाके फिरणारी गाडीसुद्धा त्यात घालू नये. पाणी चाकाची पकड काढून घेते, आणि गाडी तरंगू लागल्यावर दोन चाके काय नि चार काय.

चिखलातून काम केलेल्या गाडीचे ब्रेक व चाकांच्या आतील बाजू त्याच दिवशी पाण्याने धुवाव्या. चाके पाण्यात बुडाली असल्यास बेअरिंगांतील ग्रीस व डिफरन्शियलमधील तेल आठवड्याच्या आत तपासून, पांढरट झाले असल्यास बदलावे. गौरी-गणपतीच्या सुमारास, भाजीचा मोठा हंगाम ओसरू लागला की पाट्यांच्या यू-बोल्टच्या चाकी एकदा आवळून घ्याव्या.