बसायला स्टूल, जेवायला अर्धा तास
॥ श्रीगुरुचरणी नमस्कार ॥



गीतेच्या सहाव्या अध्यायातला आहार-विहाराचा उपदेश आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. जेवण, झोप, काम, विश्रांती हे सगळं बेताचं असेल तरच योग साधतो, असं भगवंत सांगतात. आपण तो लगेच स्वतःला लावून घेतो: रात्री हलकं जेवायचं, पहाटे उठायचं. आज तोच उपदेश आपल्याकडे काम करणाऱ्यांनाही लावून पाहू या.

माधव नगरात, फ्रीगंजच्या बाजारात आपल्यापैकी कितीतरी जणांची दुकानं, दवाखाने, क्लास आहेत. ज्यांचं असं काही नाही, त्यांच्या घरी पोळ्यांना, भांड्यांना बाई येतेच. गुरुवारी आपण आरतीला वेळेवर पोहोचतो, कारण तेव्हा दुकान आणि घर दुसरं कोणीतरी सांभाळत असतं. म्हणजे आपल्या साधनेत त्यांच्या कष्टाचाही वाटा आहे.

आज रविवारची सुट्टी आपण गृहीत धरतो. ती मिळवायला झगडावं लागलं आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामगार उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये त्यांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारी आयोगाकडे दिलं. मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस विश्रांती, दुपारी अर्धा तास सुट्टी, पगार वेळेवर, आणि कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. बघा, सगळ्या मागण्या शरीराला झेपेल इतपतच होत्या.

गिरण्यांचा काळ गेला, तरी दुकानात दिवसभर उभं राहणं काही गेलेलं नाही. केरळमध्ये कापड दुकानांतल्या बायकांनी यासाठी आवाज उठवला. २०१८ मध्ये तिथे आणि २०२१ मध्ये तमिळनाडूत, दुकानातल्या नोकरांना बसायला जागा दिलीच पाहिजे असा कायदा झाला. आपण मात्र कायद्याची वाट कशाला पाहायची?

तासन् तास उभं राहिलं की पाय सुजतात, पोटऱ्यांच्या शिरा फुगतात, कंबर धरते. जवळ संडास-बाथरूमची सोय नसेल तर मुली मुद्दाम पाणीच कमी पितात. त्यातून लघवीची जळजळ, इन्फेक्शन होतं. मालव्याच्या मे महिन्यात तर हे फारच वाईट. वर्षातून एकदा बीपी-शुगरचं शिबिर घेतो ते चांगलंच आहे, पण रोजच्या या त्रासावर त्याचा उपयोग नाही.

कोणी म्हणेल, गिऱ्हाईक आलं आणि नोकर बसलेला दिसला तर बरं दिसत नाही. पण बँकेतला कॅशियर बसूनच पैसे देतो ना? त्यात आपला अपमान झाला असं कोणाला वाटत नाही. गिऱ्हाईक नसताना दोन मिनिटं टेकायला मिळालं, तर तीच मुलगी संध्याकाळी सातलाही हसून बोलेल. २०२८ च्या सिंहस्थात गर्दी उसळेल, कामाचे तास वाढतील. ही सवय आत्ताच लागलेली बरी.

या आठवड्याचा अभ्यास:

१. दुकानात जितकी माणसं, तितकी स्टुलं आहेत का, ते मोजा.
२. जेवणाचा अर्धा तास ठरवून द्या. त्या वेळात हाक मारायची नाही.
३. प्यायचं पाणी आणि बाथरूम मोकळेपणानं वापरा, असं तोंडानं सांगा. नुसती सोय असून भागत नाही, संकोच असतो. घरच्या बाईलाही हे सांगा.
४. आठवड्याची सुट्टी आणि आजारपणाची रजा द्या, त्याचे पैसे कापू नका.

यातलं एक तरी करा आणि पुढच्या गुरुवारी सत्संगात सांगा. आपल्याला देवापुढे शांत बसायला मिळतं, तसं त्यांनाही घटकाभर बसायला मिळू दे. ही सेवाच आहे.

॥ जय गुरुदेव ॥