पत्त्यांची खिशातील वही : तिची रचना, वाचन आणि लेखन

नवी दिल्लीतील मुनिरका ह्या वस्तीत पत्ता शोधणे सोपे नाही. जुन्या गावाच्या गल्ल्या अरुंद आहेत. एकेका इमारतीत अनेक बिऱ्हाडे राहतात. तरीही पाकिटावर 110067 हे सहा अंक असले, की टपाल योग्य टपाल कचेरीत पोहोचते. श्रीराम भिकाजी वेलणकर ह्यांनी आखलेली ही पिन-कोड पद्धती 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. तिच्यातील पहिला अंक देशाचा विभाग दाखवतो, पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा दाखवतात आणि शेवटचे तीन टपाल कचेरी दाखवतात. म्हणजे अंकाचा अर्थ त्याच्या जागेवरून ठरतो. जागेवरून अर्थ ठरवण्याची हीच रीत खिशात मावणाऱ्या ऑर्गनायझरने आपली पत्त्यांची वही साठवण्यासाठी वापरली. ती कशी, हे ह्या पाठात पाहू.

1. यंत्र गेले, वही उरली

पायलट हा ऑर्गनायझर 1996 साली अमेरिकेत विक्रीस आला. त्याच्या सर्वांत स्वस्त नमुन्याची स्मृती अवघी 128 किलोबाइट होती. पुढे 2009 साली पाम कंपनीने ह्या यंत्रांची जुनी प्रणाली सोडून दिली. परंतु लोकांनी वर्षानुवर्षे जमवलेले पत्ते त्यांच्या घरच्या संगणकांवर फाइलींच्या रूपात उरले. अशी फाइल उघडावयास आता मूळ यंत्र हाताशी असेलच असे नाही. मात्र तिची रचना ज्याला ठाऊक आहे, तो स्वतः लहानसा प्रोग्राम लिहून ती वाचू शकतो.

2. शीर्षभाग

बाइट म्हणजे 0 ते 255 ह्यांपैकी एक संख्या मावणारे घर. फाइलीची पहिली 78 घरे म्हणजे तिचा शीर्षभाग. त्यांतील पहिल्या 32 घरांत फाइलीचे नाव असते. पुढे निर्मितीची व बदलाची वेळ, फाइलीचा प्रकार, ती निर्माण करणाऱ्या प्रोग्रामची खूण आणि अगदी शेवटच्या 2 घरांत नोंदींची संख्या असते. वेळ ही 1 जानेवारी 1904 पासून मोजलेल्या सेकंदांत लिहितात.

येथे एक सावधगिरी हवी. ह्या फाइलीत संख्येचे मोठे घर आधी येते. नोंदींच्या जागी 1 आणि 44 ही दोन घरे असतील, तर संख्या 1 × 256 + 44, म्हणजे 300 होय. आज घरोघरी असणारे बहुतेक संगणक घरे उलट क्रमाने मांडतात. त्यांच्या रीतीने वाचल्यास 44 × 256 + 1, म्हणजे 11,265 असे उत्तर येईल आणि प्रोग्राम नसलेल्या नोंदी शोधत बसेल.

शीर्षभागानंतर नोंदींची यादी येते. प्रत्येक नोंदीला 8 घरे असतात : 4 घरांत ती फाइलीत कोठे सुरू होते तो क्रमांक, 1 घरात खुणा आणि 3 घरांत ओळख-क्रमांक.

3. एका नोंदीचे अंतरंग

पत्त्याच्या नोंदीला 19 रकाने आहेत : आडनाव, नाव, संस्था, पाच दूरध्वनी, पत्ता, शहर, राज्य, पिन, देश इत्यादी. रिकाम्या रकान्यांसाठी जागा अडवून ठेवणे 128 किलोबाइटांत परवडणारे नव्हते. म्हणून भरलेले रकाने कोणते, एवढेच एका संख्येने सांगितले जाते. पहिल्या रकान्याचे मूल्य 1, दुसऱ्याचे 2, तिसऱ्याचे 4, असे ते दुप्पट होत जाते. भरलेल्या रकान्यांच्या मूल्यांची बेरीज म्हणजे ती संख्या.

एका ग्रंथालयाची नोंद घेऊ. संस्था (4), पत्ता (256), शहर (512) आणि पिन (2048) एवढेच भरलेले आहे. बेरीज 2820 होते. दुसरा कोणताही रकाना-समूह ही बेरीज देत नाही, हे वाचकांनी पडताळून पाहावे.

नोंदीच्या प्रारंभी दूरध्वनींविषयीच्या खुणांची 4 घरे, ही बेरीज लिहिण्याची 4 घरे आणि संस्थेचे नाव कोठे आहे हे सांगणारे 1 घर असते. पुढे भरलेल्या रकान्यांचा मजकूर क्रमाने येतो व प्रत्येक मजकुराच्या शेवटी शून्य असते. रोमन लिपीत ‘लायब्ररी’ला 7, ‘मुनिरका’ला 7, ‘न्यू दिल्ली’ला मधल्या मोकळ्या जागेसह 9 आणि पिनला 6 घरे लागतात. चार शून्ये आणि आरंभीची 9 घरे मिळवली, की संपूर्ण नोंद 42 घरांची होते.

4. वाचन आणि लेखन

वाचताना प्रोग्रामने पुढील क्रम पाळावा : शीर्षभागातून नोंदींची संख्या घ्यावी, यादीतून प्रत्येकीचा प्रारंभ घ्यावा, बेरजेवरून भरलेले रकाने ओळखावेत, मग शून्य येईपर्यंत एकेक मजकूर उचलावा. नोंदीची लांबी कोठेही लिहिलेली नसते. पुढची नोंद जेथे सुरू होते, तेथे आधीची संपते.

लिहिताना क्रम उलटा होतो. आधी सर्व नोंदी तयार करून मोजाव्यात व मगच यादी भरावी. वर्गांच्या नावांचा विभाग बाजूला ठेवल्यास, 42 घरांच्या तीन नोंदींसाठी 78 + 24 आणि प्रघाताप्रमाणे 2 रिकामी घरे धरून पहिली नोंद 104 पासून, दुसरी 146 पासून व तिसरी 188 पासून सुरू होईल. एका मजकुरात एक अक्षर वाढले, तर पुढील सर्व प्रारंभ एकाने सरकवावे लागतात.

5. मराठी अक्षरांचे काय?

ही वही प्रथम रोमन लिपीसाठी घडवली होती. एका अक्षराला एक घर तिला पुरत असे. भारतीय लिपींसाठी 1991 साली प्रमाणित झालेल्या इस्की संकेतात ‘मुनिरका’ची चार व्यंजने व तीन स्वरचिन्हे 7 घरांत बसतात. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-8 ह्या युनिकोडच्या लेखनपद्धतीत मात्र प्रत्येक चिन्हाला 3, म्हणजे एकूण 21 घरे लागतात. म्हणून मजकूर कोणत्या संकेतात आहे हे जाणल्यावाचून नुसती घरे वाचून अक्षरे मिळत नाहीत.

6. एक इशारा

यादीतील खुणांच्या घरात ‘गुप्त’ अशी एक खूण आहे. ती लावली, की यंत्र नोंद पडद्यावर दाखवत नाही; पण फाइलीत मजकूर जसाच्या तसा उघडा असतो. वर सांगितलेल्या रीतीने तो कोणालाही वाचता येतो. लपवणे म्हणजे सुरक्षित करणे नव्हे. पत्त्यांच्या वहीत आपल्यापेक्षा इतरांचीच माहिती अधिक असते. ती विश्वासाने आपल्याकडे आलेली असते. म्हणून जुनी वही वाचवण्याची विद्या ज्याने शिकली, त्याने ती टाकून देण्यापूर्वी पुसण्याची दक्षताही शिकावी.

स्वाध्याय

(1) 300 नोंदींची यादी किती घरे व्यापील?
(2) आडनाव, नाव व पहिला दूरध्वनी (चौथा रकाना) एवढेच भरले असता बेरीज किती होईल?
(3) यूटीएफ-8 पद्धतीत ‘पुणे’ ह्या शब्दाला किती घरे लागतील?

उत्तरे : (1) 2400, (2) 11, (3) 12.