स्टड की बोल्ट?

(यंत्राची दुरुस्ती करताना केवळ हातातली ताकद पुरत नाही. माप, माहिती आणि धीर यांचीही गरज असते. वर्ध्यातील एका गॅरेजमधला हा प्रसंग वाचा.)

आमच्या अब्बांकडे एक जुनी पांढरी ॲम्बॅसिडर होती. ही मोटार बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात तयार होत असे. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड या मोटारीवरून तिची रचना घेतली होती. २०१४ साली तिचे उत्पादन बंद झाले. आमच्या गाडीत जुने १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन होते.

उन्हाळ्याचे दिवस होते. दादीजान आर्वीला राहत होत्या. डोळे तपासण्यासाठी त्यांना सेवाग्रामच्या रुग्णालयात न्यायचे होते. पण दोन दिवसांपासून गाडी सुरू केली की ‘टक टक’ असा आवाज येई. इंजिन तापले की आवाज थोडा कमी होई. गाडीत धुराचा वासही येऊ लागला होता. अब्बा म्हणाले, “आधी गाडी चाचांना दाखवू. मग आर्वीला जाऊ.”

चाचांचे छोटेसे गॅरेज आर्वी नाक्याजवळ होते. अब्बा, भाईजान आणि मी सकाळीच तिथे पोहोचलो. चाचांनी बोनेट उघडले. इंजिनाच्या बाजूला एका जोडावर काळी काजळी धरली होती. तिच्यावर बोट फिरवून चाचा म्हणाले, “इथून धूर गळतो आहे. मेनिफोल्ड ढिला झाला आहे.”

“मेनिफोल्ड म्हणजे काय?” मी विचारले.

“सिलिंडरांमधून निघणारा जळका वायू गोळा करून सायलेन्सरकडे नेणारी ही ओतीव लोखंडाची नळी. हा वायू बाहेर गळला तर गाडीत शिरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वासही नाही. तुला येतो तो वास दुसऱ्या धुराचा. कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. आधी डोके दुखते, चक्कर येते. काचा बंद असतील तर जिवावरही बेतते.”

मला दादीजानची आठवण झाली. उन्हाच्या झळा लागू नयेत म्हणून त्या गाडीच्या काचा नेहमी बंद ठेवायला सांगत.

चाचांनी नटांवर तेल सोडले आणि ते मुरण्यासाठी बराच वेळ थांबले. मग पाना लावला. काही नट सहज निघाले. एक नट मात्र गंजून स्टडला घट्ट चिकटला होता. तो फिरवताच स्टडसकट बाहेर आला. चाचा हसून म्हणाले, “हा तर आपोआप बोल्ट झाला!” पुढच्या नटावर जोर देताच ‘कट्’ असा आवाज झाला. स्टड तुटला आणि त्याचा तुकडा आतच राहिला.

भाईजान म्हणाला, “चाचा, हे स्टड काढून सगळीकडे बोल्टच लावू या ना! बोल्ट लावला आणि पिळला की काम झाले.” उत्तराची वाट न पाहता तो दुकानात गेला आणि बोल्ट घेऊन आला. एका भोकात त्याने बोल्ट फिरवायला सुरुवात केली. दोन-तीन फेरे झाले आणि बोल्ट अडला. भाईजानने मोठा पाना उचलला.

“थांब बेटा!” चाचा मोठ्याने म्हणाले. “आणखी एक फेरा दिलास, तर भोकातले आटे जातील. नवा बोल्ट पाच मिनिटांत मिळेल. इंजिनाचे हेड कुठून आणशील?”

चाचांनी बोल्ट आणि जुना स्टड एकमेकांना टेकवून धरले. दोघांची जाडी सारखीच दिसत होती, पण आटे जुळत नव्हते. चाचा म्हणाले, “तुझा बोल्ट ८ मिलिमीटरचा आहे. स्टड ५/१६ इंचाचा आहे, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. फरक डोळ्यांना दिसत नाही, पण आट्यांना कळतो. आणखी एक गंमत पाहा. या स्टडच्या दोन टोकांचे आटेसुद्धा वेगळे आहेत. हेडमध्ये जाणारे टोक जाड आट्यांचे, तर नटाकडचे बारीक आट्यांचे आहे. नट दाखवून बोल्ट आणला असतास, तरी तो चुकलाच असता.”

“मग बोल्ट वाईट असतो का?” मी विचारले.

“नाही रे. ज्या इंजिनात कारखान्यानेच बोल्ट दिले आहेत, तिथे बोल्टच चांगला. जागा अडचणीची असेल आणि स्टडवरून मेनिफोल्ड ओढून काढता येत नसेल, तिथेही बोल्ट सोयीचा. पण त्याचे आटे आणि लांबी बरोबर हवी. आखूड बोल्ट थोड्याच आट्यांवर धरतो. लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो. मग पिळला तरी मेनिफोल्ड ढिलाच राहतो.”

“मग इथे स्टडच कशासाठी?”

“बोल्ट दर वेळी हेडमध्ये फिरतो, म्हणून हेडचे आटे झिजतात. स्टड एकदा बसला की तिथेच राहतो. फिरतो तो फक्त नट. शिवाय जोडणी करताना पॅकिंग आणि मेनिफोल्ड स्टडवर नीट टांगून ठेवता येतात.”

भाईजानने मान खाली घातली. त्याने अलगद बोल्ट उलटा फिरवून बाहेर काढला. आटे वाचले होते.

मग चाचांनी तुटलेल्या स्टडच्या बरोबर मध्यभागी खूण केली. तिथे सावकाश ड्रिल चालवून तुकडा काढला. सर्व भोकांतून टॅप फिरवून आटे साफ केले. नवे स्टड बसवले आणि त्यांवर पितळी नट लावले. “पितळ लोखंडासारखे गंजत नाही, म्हणून नट पुढच्या वेळी सहज निघतील,” ते म्हणाले. नट त्यांनी मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, थोडे थोडे आवळले. मी कारण विचारले. ते म्हणाले, “लोखंड तापले की वाढते. अर्धा मीटर लांबीचे ओतीव लोखंड ४०० अंशांनी तापले, तर सुमारे २ मिलिमीटर लांब होते. म्हणून मेनिफोल्डची भोके थोडी मोठी ठेवतात आणि नट सगळीकडे सारखे आवळतात.”

संध्याकाळी गाडी सुरू झाली. ‘टक टक’ थांबली होती. चाचांनी एक फेरी मारून आणली, इंजिन थंड होऊ दिले आणि नट पुन्हा तपासले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दादीजानला आर्वीहून सेवाग्रामला नेले. वाटेत त्या म्हणाल्या, “ऊन फार आहे, काचा लावून घ्या.” भाईजानने माझ्याकडे पाहिले आणि आपल्या बाजूची काच थोडी उघडीच ठेवली.

शब्दार्थ

काजळी – धुराचा काळा थर
ओतीव – वितळवून साच्यात ओतून केलेले
आटे – स्क्रू, बोल्ट यांवरील फिरत्या खाचा
स्टड – दोन्ही टोकांना आटे असलेली, डोके नसलेली सळई
पाना – नट-बोल्ट फिरवण्याचे हत्यार
मुरणे – हळूहळू आत झिरपणे
जिवावर बेतणे – प्राण जाण्याची वेळ येणे
मान खाली घालणे – चूक कळून शरमणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दादीजानला सेवाग्रामला कशासाठी न्यायचे होते?
(आ) मेनिफोल्डचे काम कोणते?
(इ) चाचांनी पितळी नट का लावले?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कार्बन मोनॉक्साइड धोक्याचा का आहे?
(आ) भाईजानने आणलेला बोल्ट का अडला?
(इ) भाईजानने शेवटी काच थोडी उघडी का ठेवली असेल?

प्र. ३. वचन बदला.
नळी, आटा, भोक, काच

प्र. ४. ‘जिवावर बेतणे’ व ‘मान खाली घालणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : ५/१६ इंच म्हणजे किती मिलिमीटर, ते गणित करून पाहा. (१ इंच = २५.४ मिलिमीटर)