पहाटेची थंडी आणि वस्त्रवाटप : मुन्शी घाटावरील अनुभवाचे बोल

काशीयात्रेला निघालेल्या मराठी कुटुंबांत पितरांच्या नावाने वस्त्र देण्याची चाल जुनी आहे, आणि अलीकडे तिला गृहसंकुलांतून, महाविद्यालयांतून किंवा यात्रा-मंडळांतून जमवलेल्या गरम कपड्यांच्या गठ्ठ्यांची जोड मिळाली आहे. अशा वाटपात काय चुकते आणि ते कसे टाळता येते, हे पाहण्यासाठी वाराणसीचा मुन्शी घाट सोयीचा आहे. दशाश्वमेधाच्या दक्षिणेस, अहिल्याबाई घाट आणि दरभंगा घाट यांच्यामधला हा घाट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे अर्थमंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधविला, त्यामुळे मराठी दातृत्वाचा या पायऱ्यांशी संबंध तसा नवा नाही.

जनगणनेच्या भाषेत बेघर म्हणजे ज्यांचा मुक्काम कोणत्याही घरात नसून रस्त्याकडेला, पुलाखाली, रेल्वेच्या फलाटावर, देवळाच्या ओवरीत किंवा उघड्यावर असतो, असे लोक. २०११ च्या जनगणनेत अशांची संख्या देशात सुमारे १७.७ लाख भरली आणि त्यांपैकी सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३.३ लाख, उत्तर प्रदेशात होती. घाटावर मात्र ही व्याख्या सहजासहजी लागू पडत नाही, कारण रात्री चादर ओढून झोपलेल्यांत उद्या परतणारा यात्रेकरू, हंगामापुरता आलेला मजूर, हातगाडी ओढणारा, घरच्यांनी सोडलेली वृद्धा आणि वर्षानुवर्षे तिथेच राहणारा साधू असे सारे एकाच रांगेत असतात, आणि दिवसा आलेल्या दात्याला त्यांतले खरे गरजू ओळखता येत नाहीत. म्हणून कपडे जमवण्याच्या आधी रात्री दहानंतर आणि पुन्हा पहाटे चारच्या सुमारास स्थानिक माणसाबरोबर एकेक फेरी मारून, कोण कुठे झोपतो आणि त्याच्याजवळ आधीच काय आहे याची वही करणे आवश्यक ठरते. ही पायरी गाळली की पुढची सगळी मेहनत बहुधा वाया जाते.

थंडीचे स्वरूपही नीट समजून घ्यावे लागते. भारतीय हवामान विभाग मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असून सरासरीपेक्षा ४.५ अंश वा अधिक उतरले तर त्याला शीत लहर म्हणतो. परंतु त्याचबरोबर ‘शीत दिवस’ अशीही एक संज्ञा तो वापरतो, जिच्यात किमान तापमान १० अंशांच्या आत असताना दिवसाचे कमाल तापमान सरासरीहून तेवढेच खाली राहते. गंगेच्या मैदानात डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत दाट धुक्यामुळे असे दिवस वारंवार येतात. वाराणसीचे घाट पूर्वाभिमुख असल्याने सूर्य उगवताच पायऱ्यांवर ऊन यावे, अशी त्यांची रचना आहे. पण धुके असले की ते ऊन पोहोचतच नाही, रात्री ओलावलेला कपडा दिवसभर वाळत नाही, आणि चुनारच्या वालुकाश्माच्या पायऱ्या अंगातली ऊब खालून शोषत राहतात. पुण्या-नागपुरातील दाता जी थंडी डोळ्यांपुढे ठेवून कपडे निवडतो ती कोरडी आणि दुपारी ओसरणारी असते. ही ओली आणि न सुटणारी असते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. चोवीस तासांतली सर्वांत थंड वेळ सूर्योदयाच्या थोडी आधीची, आणि नेमक्या त्याच वेळी घाट जागा होतो: स्नानाला माणसे येऊ लागतात, नावा सुटतात, झाडलोट सुरू होते आणि झोपलेल्याला उठावे लागते. म्हणजे पांघरुणाची सर्वाधिक गरज असताना ते गुंडाळून ठेवावे लागते. आणि ठेवायचे कुठे, हा प्रश्न तर दिवसभर पुरतो, कारण बेघर माणसाला कपाट नसते. चार-पाच किलोंचे कांबळे खांद्यावर घेऊन मजुरीला जाता येत नाही, ते कोपऱ्यात ठेवले तर चोरीला जाते किंवा कचऱ्याबरोबर उचलले जाते, आणि जवळ काहीच नको म्हणून काही जण ते मिळेल त्या भावाला विकून टाकतात. अशा विक्रीकडे बोट दाखवून ‘यांना दिलेले टिकत नाही’ असा निष्कर्ष काढणारे दाते पुष्कळ आहेत. त्यांनी हा निष्कर्ष काढण्यापूर्वी ते कांबळे एक दिवस स्वतः वागवून पाहावे. वस्तूंचा क्रम म्हणूनच नेहमीच्या समजुतीच्या उलटा लावावा लागतो: आधी अंगात राहणारे कपडे, म्हणजे जाड इनर, कानटोपी, पायमोजे, पूर्ण बाह्यांचा स्वेटर, मग पायरी आणि पाठ यांच्यामध्ये घालायला गुंडाळी होणारी चटई किंवा जाड गोधडी, आणि पांघरूण सर्वांत शेवटी.

कपडे गोळा करताना नेमके याच्या विरुद्ध घडते. आवाहन केले की सुती साड्या, लहान मुलांचे फ्रॉक आणि तोकडे झालेले शर्ट यांचे ढीग येतात, तर मोठ्या पुरुषांच्या विजारी आणि पायमोजे जवळपास येतच नाहीत. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते, ते याच सवयीचे मोठ्या प्रमाणावरील दर्शन होते. ‘जुने कपडे द्या’ असे मोघम न म्हणता मापासह यादी द्यावी आणि यादीबाहेरचे नम्रपणे परत करावे. आलेल्या सुती साड्या टाकाऊ नसतात. महाराष्ट्रातच चार-सहा थर घालून त्यांच्या गोधड्या शिवून घेतल्या तर पायरीवर अंथरायला त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. विकत घ्यायच्या कांबळ्यांबाबत मात्र सावधगिरी हवी. वाटपासाठी घाऊक मिळणारी स्वस्त कांबळी पुष्कळदा पानिपतच्या ‘शॉडी’ सुताची असतात. शॉडी म्हणजे जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून पुन्हा कातलेले सूत, ज्याचे तंतू आखूड असल्याने विणकाम विरळ असले तर ते लवकर झिजते, त्यामुळे नमुना हातात घेऊन, वजन करूनच मागणी नोंदवावी. पॉलिस्टरची मऊ ‘मिंक’ कांबळी हलकी व उबदार असली तरी हिवाळ्यात चौकाचौकांत पेटणाऱ्या अलावाजवळ, म्हणजे सार्वजनिक शेकोटीजवळ, झोपणाऱ्यांसाठी ती धोक्याची आहेत, कारण ठिणगी पडताच कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो.

वाटपाच्या पद्धतीविषयी उत्तर प्रदेशातच एक कठोर धडा उपलब्ध आहे. एप्रिल २००४ मध्ये लखनौत साडीवाटपाच्या एका कार्यक्रमात चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक जीव गेले, आणि त्यांत बहुतांश स्त्रिया होत्या. घाटाच्या उतरत्या, दवाने निसरड्या पायऱ्यांवर, खाली पाणी असताना, एका जागी टेम्पोतून आणलेला गठ्ठा उघडून हाक मारणे हे त्याच प्रकारचे संकट ओढवून घेणे होय. आधीच्या वहीनुसार चिठ्ठ्या देऊन, झोपण्याच्या जागी जाऊन, दोघा-तिघांनी शांतपणे वस्तू हाती द्यावी. छायाचित्र काढू नये. स्त्रियांकडे स्त्री कार्यकर्तीनेच जावे, आणि साडीवर घालता यावा म्हणून त्यांचा स्वेटर पुढून उघडणारा असावा. साधूंपैकी काही जण शिवलेले वस्त्र घेत नाहीत, त्यांना शाल चालते. विचारले की ते सांगतात.

दानाचा दिवस हा आणखी एक अडथळा. पूर्व उत्तर प्रदेशात मकरसंक्रांतीला ‘खिचडी’ म्हणतात आणि त्या दिवशी तांदूळ-डाळ, तीळ व कांबळे देण्याची रीत असल्याने १४ जानेवारीच्या आसपास एकेका माणसाला दोन-तीन कांबळी मिळतात, तर डिसेंबरच्या अखेरच्या धुक्यात एकही नसते. पुण्यकाळ सांभाळायचाच असेल तर खिचडीच्या दिवशी अन्न द्यावे आणि कपडे मार्गशीर्षातच पोहोचवावेत.

वस्त्राबरोबर निवाऱ्याचाही विचार हवा: गाडगे महाराजांच्या दशसूत्रीत उघड्यानागड्यांना वस्त्र आणि बेघरांना आसरा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि स्वतः महाराजांनी पंढरपूर, नाशिक येथे धर्मशाळा बांधल्या. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांत शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी निवारा अपेक्षित होता. उत्तर भारतात अशा निवाऱ्याला ‘रैन बसेरा’ म्हणतात. वहीतल्या प्रत्येकाला जवळचा रैन बसेरा दाखवून द्यावा, परंतु सामान बाहेर ठेवावे लागेल, कुटुंबाची ताटातूट होईल किंवा पहाटेचे काम चुकेल या भीतीने जे जात नाहीत त्यांच्यावर जबरदस्ती करू नये.

त्यांच्यासाठी उपयोगी पडते ती ठेवीची व्यवस्था: घाटामागच्या गल्लीत एखाद्या धर्मशाळेची किंवा मठाची खोली मिळवून, सकाळी कांबळी क्रमांकाने जमा करून घ्यायची आणि संध्याकाळची आरती संपल्यावर परत द्यायची. खोली सांभाळणाऱ्यास हिवाळ्याच्या तीन महिन्यांचे मानधन आधीच ठरवून द्यावे लागते, आणि हा खर्च दात्यांना सांगताना संकोचू नये, कारण दोनशे नव्या कांबळ्यांपेक्षा शंभर सांभाळलेली कांबळी अधिक रात्री पुरतात. फाल्गुनात ती धुऊन, कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून बांधावीत. ठेवण्याची जागा निवडताना पुराचा विचार करावा: वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर असून १९७८ मध्ये पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते, म्हणून पायऱ्यांलगतची तळखोली फुकट मिळत असली तरी घेऊ नये, वरच्या मजल्यावरची भाड्याने घ्यावी.